निएवेसची जुडी

टँपा,
१४ जून १९८८

ती. निएवेस वन्सं यांस,
सेनाइदाचा सा. न. वि. वि.

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. ते इथं पोचेपर्यंत ह्यांच्या कबरीवरची फुलं सुकून गेली होती, म्हणून मी पत्र तिथंच नेलं आणि ह्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या कबरीपाशी एक बाई गवत उपटत होती. तिनंही ऐकलं, आणि लहानपणी तुम्ही ह्यांना डुकराच्या पिलाबरोबर एकाच टोपात न्हाऊ घातलं होतंत त्या जागी ती खुदकन हसली. मला फार बरं वाटलं. आपण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, आणि इतक्या वर्षांत नाताळच्या दोन ओळींपलीकडे मी तुम्हाला काही लिहिलं नाही. बहिणीला लिहायचं काम ह्यांचं होतं. आता ते माझ्याकडे आलंय, तेव्हा चूकभूल पोटात घाला.

ओदालिस अटलांटाहून आली होती, आठवडाभर राहिली. आई उकाड्यानं मरेल म्हणून बैठकीच्या खिडकीत एसी बसवून गेली. पोरगी गुणाची आहे, पण तिला वाटतं की एखादं यंत्र बसवलं की काळजी मिटली. मी सकाळची दुधाची कॉफी अजून दोघांची करते. दुसरा पेला दुपारी गारच पिऊन टाकते, वाया जाऊ देत नाही. व्हरांड्यातल्या ह्यांच्या झुलत्या खुर्चीवर गल्लीतल्या एका कोंबड्यानं ठाण मांडलंय. आधी हाकलत होते. हल्ली नाही हाकलत.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. ह्यांची चिरुटं ठेवायची सीडरच्या लाकडाची पेटी आहे, तिच्याबद्दल ह्यांनी तुम्हाला लिहिलं असेलच. तिच्यात एक जुडी आहे, पिवळ्या रेशमी फितीनं बांधलेली. कारखाना सोडायच्या आधी ह्यांनी सगळ्यात शेवटी वळलेली चिरुटं. ती जुडी तुमची. दवाखान्यात श्वास पुरत नव्हता तरी हे सांगत होते, की निएवेस एकदा येणार आणि आम्ही दोघं व्हरांड्यात बसून ओढणार, लहानपणी तंबाखूच्या वखारीमागं लपून एकाच चिरुटातून आळीपाळीनं ओढायचो तसं. मग म्हणाले, मी नसलो तर तू बस तिच्याबरोबर. पण तोवर जुडी जिवंत ठेव. मी हो म्हटलं.

वन्सं, मला तंबाखूतलं ओ की ठो कळत नाही. मी बेकरीवाल्याची मुलगी. बैठकीतल्या त्या पेटीला हात लावायची मला परवानगीच नव्हती. झाकणाला आतून ओलावा दाखवणारा गोल काटा आहे, तो कायम सत्तरपाशी असायचा. आजारी माणसाचा ताप बघावा तसा हे रोज बघायचे. आता काटा पन्नासच्याही खाली गेलाय. परवा मोकळ्या चिरुटांतलं एक हातात घेतलं तर वरचं पान तडकलं. मी घाबरून तसंच परत ठेवलं.

आणि खरं ते सांगते. मी पेटी रोज उघडते. झाकण उचललं की हे खोलीत येतात. सदरा, मिशी, बोटं, सगळ्याचा वास जसाच्या तसा. जरा वेळ बसते, झाकण लावते, मग कामाला लागते. त्यामुळं काही बिघडत असेल का? तुम्ही कधी येताय ते कळवा, आणि तोवर मी काय करू तेही कळवा.

भावावरचा लोभ आता भावजयीकडे वळवावा ही विनंती.

आपली,
सेनाइदा



सान लुईस, पिनार देल रिओ,
२५ जुलै १९८८

चि. सेनाइदा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

एसी! अगं, त्या यंत्राचा धंदाच मुळी हवेतलं पाणी शोषायचा. त्याच्या पुढ्यात तू चिरुटं ठेवलीस? उद्या ओदालिसच्या बाळाला चुलीवर ठेवशील. पेटी आजच्या आज त्या खोलीतून हलव. घरात जी खोली सगळ्यात अंधारी, जिथं ऊन नाही, वारा नाही, तिथं ठेव. उन्हात तर नकोच. उष्णतेनं पानातली किड्यांची अंडी फुटतात, मग चिरुटाची बासरी होते.

आता नीट वाच, पुन्हा सांगणार नाही. पेटीत स्पंज असेल, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत वगैरे. तो भिजवून घट्ट पिळ, टपकता कामा नये. पाणी नळाचं नको, औषधवाल्याकडचं शुद्ध केलेलं घे. आणि घाई करू नकोस. तहानलेल्या पानाला एकदम पाणी पाजलं की आतलं फुगतं आणि बाहेरचं फाटतं. तू बेकरीवाल्याची ना? मळलेल्या पिठावर ओलं फडकं टाकता, बादली ओतत नाही. तेवढंच.

काट्यावर फार भिस्त ठेवू नकोस, काटे खोटं बोलतात. चिरूट कानाशी धर आणि दोन बोटांत हळूच दाब. चुरचुर ऐकू आली तर तहान आहे. बोट रुतून तसंच राहिलं तर बुडवलंस. जरा दबलं आणि परत वर आलं तर गप्प बस आणि झाकण लाव. मी उभा जन्म पानं निवडायच्या खोलीत काढला, मांडीवर पानांचे ढीग घेऊन. पावसाळी दिवस असला तर आम्हा बायकांच्या मांड्यांना तो आधी कळायचा.

आणि शेवटचं, सगळ्यात मोठं. पेटी रोज उघडायची नाही. तू झाकण उचलतेस तेव्हा ओलावा बाहेर जातो, आणि त्याच्याबरोबर तोही थोडा थोडा जातो. हे लिहिताना माझा हात थांबला, पण खरं आहे म्हणून लिहिते. आठवड्यातून एकदा उघड. माझ्यासाठी म्हणून ठेवलीयस ना? मग माझ्यासाठी शिल्लक राहू दे.

मी देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज केला आहे. राजधानीला जाऊन एका कचेरीत बसून आले, दुसऱ्या कचेरीत उभी राहून आले. सगळ्यांनी उत्तर येईल असं सांगितलं. आपला एलादिओ देश सोडून गेला तेव्हा विमानतळावर मला म्हणाला होता, की जागा बघतो आणि तुला बोलावतो. जागा बघायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. आता व्हरांड्यात त्याच्या खुर्चीवर कोंबडा बसलाय म्हणतेस, तर त्याला सांग की मी आले की उठावं लागेल.

इथं माझ्याशी बोलायला एक बेनिग्नो, शेजारचा शेतकरी. त्याला ऐकू येत नाही. मी ओरडून बोलते, तो हसून मान डोलावतो, असा आमचा संवाद चालतो. म्हणून तू लांबलचक लिही. घरात काय शिजवलंस तेही लिही.

लोभ आहेच, तो कोरडा पडू देऊ नकोस.

तुझी वन्सं,
निएवेस



टँपा,
१९ सप्टेंबर १९८८

ती. निएवेस वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि चप्पलही न घालता पेटी उचलून शिवणाच्या खोलीत नेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय, तिथं मांजरही जात नाही. औषधवाल्याकडं शुद्ध पाणी मागितलं तर त्यानं विचारलं, इस्त्रीसाठी हवंय का. माझ्या तोंडून निघून गेलं की नाही, नवऱ्यासाठी. तो बिचारा ह्यांच्या अंत्यविधीला आला होता. त्यानं बाटली कागदात गुंडाळून दिली आणि पैसे घेईना.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. स्पंज भिजवला, पिळला, हळूहळू पाजलं. काटा आधी हलेचना, मग एका रविवारी साठच्या पुढं, आणि आता सत्तरपाशी येऊन टेकलाय. तुमची जुडी सोडली नाही, पण मोकळ्या चिरुटांतलं एक कानाशी धरून दाबलं. वन्सं, काही ऐकू आलं नाही! इतका आनंद झाला की ह्यांना हाक मारली.

पेटी फक्त रविवारी उघडते, प्रार्थनेहून आल्यावर. आणि गुरुवारी. गुरुवारी ह्यांचा डॉमिनोचा अड्डा आमच्याकडं असायचा, त्या दिवशी घर फार खायला उठतं. तेवढी सवलत द्या.

आज काळ्या घेवड्याची आमटी आणि भात केला. एका माणसापुरता घेवडा शिजवता येतच नाही, पातेलंच तेवढं लहान नाही माझ्याकडं. उरलेला पलीकडच्या ग्रासिएलाला दिला. ती म्हणाली मीठ जास्त झालंय. तिला एखादा पदार्थ आवडला की ती अशीच नावं ठेवते, म्हणजे आणखी हवं होतं.

ओदालिसचा फोन आला की एकच विषय, घर वीक आणि अटलांटाला ये. तिच्याकडं माझ्यासाठी खोली आहे, खोलीला स्वतःचं न्हाणीघर आहे, सगळं आहे. मी तिला सांगितलं की तुझी आत्या येणार आहे, ती आल्यावर बघू. तिनं विचारलं, आत्या आली नाही तर? मी फोनवर ऐकू आलं नाही असं दाखवलं. बेनिग्नोची युक्ती चांगली आहे.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनानं केली, आणि तुम्ही शाबासकी द्याल अशी खात्री आहे. पावसानं खोलीला जरा कुबट वास यायला लागला होता. तेव्हा स्पंजाच्या पाण्यात मी व्हायोलेटच्या फुलांचं सुगंधी पाणी घातलं. आपलं नेहमीचं, न्हालेल्या बाळाच्या टाळूवर लावतो ते. ओदालिसच्या टाळूवर, चादरींवर, इस्त्रीच्या कपड्यांवर, प्रार्थनेच्या रुमालावर मी आयुष्यभर तेच शिंपडत आले. आधी चार थेंब घातले, मग वाटलं कंजुषी कशाला, म्हणून झाकणभर. गेले काही आठवडे असंच चाललंय. आता पेटी उघडली की कसं प्रसन्न वाटतं, ह्यांचा वास आणि वर व्हायोलेट. तुम्ही याल तेव्हा घर आणि पेटी दोन्ही नीटनेटकी दिसायला हवीत ना.

वाट बघणारी माया आहे, तिला फार ताटकळत ठेवू नये.

आपली,
सेनाइदा



सान लुईस,
२ नोव्हेंबर १९८८

सेनाइदा हीस,

आशीर्वाद नंतर.

काढ तो स्पंज! हे पत्र हातातून खाली ठेव, स्पंज काढ, कचऱ्यात टाक, आणि मग पुढं वाच.

टाकलास? अगं बाई, तू केलंस तरी काय! चिरूट म्हणजे काय चादर वाटली तुला? तंबाखूचं पान जवळ असेल त्याचा वास पितं आणि एकदा प्यायलं की परत देत नाही. म्हणून तर आम्हाला पानं निवडायच्या खोलीत पावडर लावून यायला बंदी होती. लसूण खाऊन आलेल्या बाईला मुकादम दाराबाहेर बसवायचा. आणि तू झाकणभर अत्तर पाजलंस, तेही आठवडेच्या आठवडे! माझ्या भावानं शेवटची वळलेली चिरुटं, त्यांना तू तीट-काजळ करून दुपट्यात गुंडाळून ठेवलंस. पिनार देल रिओची बाई अत्तर ओढत नाही. मेले तरी ओढणार नाही.

पेटी सावलीत उघडी ठेवून वारा दे, दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नको. नवा स्पंज, नुसतं पाणी. फार उपयोग होणार नाही हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

इतकं लिहून काल थांबले होते. आज राग थोडा उतरलाय. खरं म्हणजे सगळा राग तुझ्यावर नव्हता.

माझा अर्ज परत आला. राजधानीला बोलावलं होतं. काचेपलीकडं एक तरुण बाई होती, नखं छान रंगवलेली, बोलायला वाईट नव्हती. तिनं विचारलं, मागं कोण आहे तुमचं? नवरा आहे का. म्हटलं, देवाघरी. मुलं आहेत का. म्हटलं, झाली नाहीत. आई-बाप, भाऊ, कुणी? म्हटलं, भाऊ होता, त्याच्याच घरी जायचंय. तेव्हा ती म्हणाली की आजी, मग तुम्ही परत कशासाठी याल? मागं कुणी नसलेल्या माणसाला जाऊ देत नाहीत, ती तिकडंच राहतात. मला उत्तर सुचलं नाही. बसमध्ये घरापर्यंत विचार करत आले, तरी सुचलं नाही. आयुष्यात कुणी मला गप्प केलं नव्हतं, त्या पोरीनं केलं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो म्हणतात. पण गुडघ्यांना विचारलं तर ते नाही म्हणतात.

तेव्हा घाई करायचं काही कारण उरलं नाही. जुडीचं तुला हवं ते कर. ओदालिसकडं जायचं असेल तर जा, माझ्यासाठी अडून बसू नकोस.

आशीर्वाद आता देते. रागावले म्हणून माया कमी झाली असं मानू नये.

निएवेस



टँपा,
२७ डिसेंबर १९८८

ती. निएवेस वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पुष्कळदा लिहायला बसले, पण तुमच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

स्पंज त्याच क्षणी टाकला. पेटीला वारा दिला, नवा स्पंज घातला, काटा पुन्हा सत्तरवर आणला. काटा अगदी बरोबर आहे, वन्सं. फक्त आता पेटी उघडली तरी हे येत नाहीत. झाकण उचलते तर व्हायोलेट. नाक अगदी आत घालते तरी व्हायोलेट. आधी थोडे तरी यायचे, मग मागून कुठून तरी, आता अजिबात नाहीत. ह्यांचे सदरे मी दान करून टाकले होते, कारण पेटी आहे असं वाटलं होतं. मी माझ्या हातानं ह्यांना घरातून पुसून काढलं, आणि तेही स्वच्छतेच्या नावाखाली.

तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. पण ते परवानगीचं वाचून मला माझ्या चुकीपेक्षा जास्त रडू आलं. त्या बाईला मी उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं ते मलाही माहीत नाही, पण दिलं असतं.

नाताळच्या आदल्या रात्री ओदालिस येणार होती, तिच्या धाकट्याला ताप आला, त्यामुळं जमलं नाही. डुकराचं मांस भाजायला घातलेलं होतं. ग्रासिएलाला बोलावलं. दोघी जेवलो, टीव्हीवर एखादं गाणं लागलं की ती स्वतःच्या लहानपणचं सांगत होती, आणि मी मध्येच तिसरं ताट वाढलं. नंतर ते ताट तिनंच उचललं.

ही ग्रासिएला जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर तिकडं येतेय. तिची आई तुमच्याच जिल्ह्यात आहे, आजारी असते. तिच्याबरोबर जुडी पाठवतेय. सान लुईसला टँपाहून चिरुटं न्यायची म्हटल्यावर ती पोट धरून हसली. म्हणाली, पुढच्या वेळी समुद्राला मीठ नेऊन देईन. पण नेते म्हणाली. मी जुडी ओल्या फडक्यात, मग मेणकागदात, मग ओदालिसच्या लहानपणीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलीय, आणि डब्यात स्पंजाचा एक तुकडा, नुसत्या पाण्याचा. वाटेत मरायला नकोत.

मला माहीत आहे, तुम्ही ती ओढणार नाही. पण ह्यांना शब्द दिला होता की तुमच्या हातात पडेपर्यंत सांभाळीन. फेकून द्यायची तर तुमच्या हातानं फेका. माझ्या हातून ते होणार नाही.

मोकळी चिरुटं ह्यांच्या डॉमिनोच्या मित्रांना वाटून टाकली. त्यातला एकजण एक ओढून बघून म्हणाला, एलादिओ स्वर्गात न्हाव्याकडं बसलाय वाटतं. सगळे हसले, मीही हसले. पेटी आता रिकामी आहे. नव्या वर्षात ओदालिसला हो म्हणून टाकावं असं मनात आहे. इथं आता कुणी यायचं उरलेलं नाही.

माझ्या हातून जे बिघडलं त्यासकट लोभ असू द्यावा.

आपली,
सेनाइदा



सान लुईस,
१२ फेब्रुवारी १९८९

चि. सेनाइदा हीस,
अ. उ. आ. आणि आणखी जे जे असतात ते सगळे.

ग्रासिएला येऊन गेली. बाई बोलकी आहे, आईपेक्षा माझ्याकडंच जास्त बसली. विमानतळावर झडती घेणाऱ्यानं तिच्या पिशवीतून डबा काढला आणि विचारलं, हे काय. तिनं सांगितलं, चिरुटं, सान लुईसच्या एका म्हातारीला. त्यानं आणखी दोघांना हाक मारून दाखवलं म्हणे. सगळी रांग हसत होती. शेवटी त्यानंच झाकण नीट लावून दिलं आणि म्हणाला, जा बाई, म्हातारीला म्हणावं आमच्याकडंही बरी मिळतात.

ती गेल्यावर मी डबा घेऊन व्हरांड्यात बसले. मनात ठरवलं होतं की उघडायचा, एकदा त्याची वळण्याची पद्धत बघायची, आणि बेनिग्नोच्या शेतात पुरून टाकायचा. झाकण उघडलं. फडकं अजून ओलं होतं, ते तू छान केलंस. फीत सोडली, एक चिरूट उचललं, सवयीनं नाकाशी नेलं.

सेनाइदा, मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. जमेल तसं सांगते.

एलादिओ झाला तेव्हा मी आठ-एक वर्षांची होते. आई बाळंतपणातून उठली ती लगेच पानं सोलायला गेली, हंगाम होता, घरी बसून चालणार नव्हतं. पोर माझ्या काखेत. सकाळी न्हाऊ घालायचं, टाळूवर व्हायोलेटचं पाणी लावायचं, आणि दिवसभर काखेत घेऊन फिरायचं. रडायचा तेव्हा मी त्याच्या टाळूवर नाक टेकवायची. त्याला गप्प करायला नाही, मलाच बरं वाटायचं म्हणून. तो चालायला लागला, पळायला लागला, वखारीमागं चिरूट ओढायला लागला, विमानात बसून गेला, तुझा झाला. इतकं सगळं झाल्यावर ते पोर मी पार विसरून गेले होते. मला आठवायचा तो फोटोतला, टोपी घातलेला, पोट सुटलेला माणूस. त्याचं मला फारसं काही वाटायचं नाही, खरं सांगते. तो तुझा होता.

आणि त्या चिरुटात माझा एलादिओ होता. न्हालेला.

बेनिग्नो कुंपणापाशी येऊन विचारत होता काय झालं, मी ओरडून सांगितलं, माझा भाऊ आलाय. त्यानं हसून मान डोलावली. या खेपेला त्याला ऐकू आलं की काय अशी मला शंका आहे, कारण जाताना त्यानं टोपी काढली.

तू लिहिलंस की तुझ्या हातानं त्याला घरातून पुसलंस. पुसलं नाहीस गं. तुझ्याकडून निघाला तो माझ्याकडं आला, वयानं लहान होऊन. मी तुला जे बोलले ते सगळं परत घेते. चिरुटांबद्दलचं नाही, ते खरंच आहे. एक पेटवून पाहिलं, न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यासारखं लागतं. खोकले, हसले, शेवटपर्यंत ओढलं. शेजारी त्याच्यासाठी म्हणून खुर्ची ओढून ठेवली होती. बाकीची मात्र ओढणार नाही. ती त्याच डब्यात आहेत, अंधाऱ्या कोपऱ्यात, नुसत्या पाण्याचा स्पंज घालून.

ग्रासिएला अजून आईकडं आहे, तिच्याबरोबर तुला पानं पाठवतेय. बेनिग्नोच्या शेतातली आहेत, ज्या तुकड्यात एलादिओ पोरवयात रोपं लावायचा त्याच तुकड्यातली, माझ्या हातानं निवडून जुनी केलेली, ताडाच्या सालीत बांधलेली. विमानतळावर विचारलं तर गुडघ्याला बांधायची म्हणून सांगते म्हणाली. पेटी आधी नुसत्या ओल्या फडक्यानं पूस, मग पानं आत ठेव आणि झाकण लाव. सीडर आणि पान मिळून महिन्याभरात काहीतरी जमवतील. तो अगदी येईल असं मी कबूल करत नाही. पण त्याच्या सदऱ्याला जो वास होता, तो कुठून आला होता? इथूनच. मग मात्र रोज उघड. हव्या तेवढ्या वेळा उघड. पानं वाळली तर मी आणखी पाठवीन, इथं त्यांना तोटा नाही.

घर विकू नकोस. ओदालिसला सांग, आत्या येणार आहे. मी नवा अर्ज केला आहे, आणि या खेपेला मला उत्तर सुचलंय. त्या नखं रंगवलेल्या पोरीनं विचारलं की मागं कोण आहे, तर मी सांगणार, घरी डबा आहे. दर रविवारी स्पंज भिजवावा लागतो, आणि बेनिग्नोवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा मला परत यावंच लागेल.

तोवर लोभ ओलसर ठेव, फार भिजवू नकोस.

तुझीच,
निएवेस

ता. क. आठवड्यातून एकदा असं मीच तुला बजावलं होतं. पण मी डबा रोज उघडते. सकाळी कॉफी झाली की लगेच. चिरुटं वाळतील, सगळं कळतं मला. तू पत्र लिहून मला चांगली खडसाव. इथं मला रागावणारं आता कुणी राहिलेलं नाही.